परसदारातून जाणारी गाडी

शिकागोहून कॅलिफोर्नियाला रेल्वेने जाणार असं सांगितलं की अमेरिकेत राहणारी माणसं क्षणभर गप्प होतात आणि मग काळजीने विचारतात, विमानाने का नाही? प्रश्न रास्त आहे. विमानाला चार-साडेचार तास पुरतात. 'कॅलिफोर्निया झेफर' ही गाडी अगदी वेळेवर धावली तरी ५२ तासांच्या आसपास घेते. दुपारी शिकागोच्या युनियन स्टेशनातून निघायचं, दोन रात्री गाडीत काढायच्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या अलीकडे, खाडीच्या पूर्व काठावरच्या एमरिव्हिलला उतरायचं. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर.

मला घाई नव्हती, हे एक कारण. दुसरं अधिक खरं. मुलीकडे राहून, तिच्या गाडीतून पुष्कळ हिंडूनही तो देश मी पाहिलाय असं मला वाटत नव्हतं. विमानतळ, महामार्ग, मॉल, कापलेल्या हिरवळीमागची घरं. सगळीकडे दर्शनी बाजू. पाहुण्यांना दिवाणखान्यातच बसवून ठेवावं तसं काहीतरी होत होतं.

रेल्वे दिवाणखान्यातून जात नाही. ती परसदारातून जाते.

आयोवातली छोटी गावं घ्या. बर्लिंग्टनला गाडी मिसिसिपी ओलांडते आणि पुढे माउंट प्लेझंट, ओसिओला, क्रेस्टन अशी स्टेशनं लागतात. या भागातली कितीतरी गावं रेल्वेमुळे वाढली. एकोणिसाव्या शतकात रूळ आले, मग स्टेशन, आणि स्टेशनाच्या आसपास बँक, हॉटेल, धान्याची कोठारं. गावाचं तोंड तेव्हा रुळांकडे होतं, कारण माणूस, माल, पत्र आणि बातमी, सगळं तिथूनच येई. पुढे मोटारी आल्या. १९५६च्या कायद्याने देशभर इंटरस्टेट महामार्गांचं जाळं विणायला घेतलं आणि गावांनी हळूहळू तोंड फिरवलं. पेट्रोल पंप, मोटेल, खाण्याची दुकानं महामार्गाकडे सरकली. जी पुढची बाजू होती ती मागची झाली.

म्हणून गाडीच्या खिडकीतून जे दिसतं ते कुणी दाखवण्यासाठी मांडलेलं नसतं. जुन्या विटांच्या भिंतींवर पिठाच्या आणि तंबाखूच्या रंगवलेल्या जाहिराती अजून अर्ध्यामुर्ध्या वाचता येतात. त्या रुळांकडे तोंड करून आहेत, कारण त्या रंगवल्या तेव्हा गिऱ्हाईक गाडीतून येत असे. घरांच्या मागच्या पायऱ्यांवर चिखलाचे बूट. चाकं काढलेली एक पिकअप, तिच्या मागच्या हौद्यात गवत उगवलेलं. मुलांचं पोहायचं प्लास्टिकचं टाकं पालथं घातलेलं, आणि काठ्यांना जुन्या कापडाच्या चिंध्यांनी बांधलेली टोमॅटोची रोपं. त्या चिंध्यांपैकी एक फुलाफुलांची होती, कुणाच्या तरी उशीच्या अभ्र्याची असावी. गाडी हळू झाली होती म्हणून एवढं दिसलं. एक बाई कपडे धुवायच्या यंत्राच्या झाकणावर कोपर टेकून फोनवर बोलत होती, तिने गाडीकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मला ते फार आवडलं. तिच्या दृष्टीने मी तिथे नव्हतेच.

त्या देशातल्या प्रवासी गाड्या कशा संपत गेल्या, याचं उत्तर मोटार आणि विमान असं दिलं जातं, आणि ते खरंच आहे. पण टपालाचा वाटा कमी सांगितला जातो. कित्येक गाड्या तिकिटांच्या उत्पन्नावर नव्हे, तर टपालाच्या डब्यांच्या पैशावर तगून होत्या. १९६७ साली टपाल खात्याने बहुतेक टपाल रेल्वेवरून काढून ट्रक आणि विमानांकडे वळवलं आणि खासगी रेल्वे कंपन्यांना प्रवासी गाड्या चालवणं नकोसं झालं. १ मे १९७१ला ॲमट्रॅक ही सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी सुरू झाली ती या पडझडीतून जे वाचवता येईल ते वाचवण्यासाठी. झेफरचीही कथा अशीच आहे. मूळ गाडी १९४९ची, १९७०मध्ये बंद पडलेली. आजच्या मार्गावर आजच्या नावाने ती १९८३पासून धावते आहे.

रूळ मात्र आजही बहुतांशी मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत. कायद्याने प्रवासी गाडीला अग्रक्रम असतो. पण मालगाड्या आता इतक्या लांबलचक झाल्या आहेत की कितीतरी सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूला थांबण्याच्या जादा रुळांवर, त्या मावतच नाहीत, आणि मग बाजूला होते ती प्रवासी गाडी. आम्हीही असेच एका मक्याच्या शेताकडेला थांबलो. इंजिनाची घरघर तेवढी राहिली. मक्याची पानं काचेपासून हातभर अंतरावर होती, कडांना थोडी वाळलेली. बऱ्याच वेळाने शेजारच्या रुळावरून कंटेनरवर कंटेनर चढवलेली मालगाडी जाऊ लागली आणि जातच राहिली. डब्यात कुणी चुळबुळ केली नाही. ज्याला वेळेवर पोचायचं असतं तो या गाडीत बसत नाही, आणि त्यामुळे या गाडीतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशी विमानात बोलत नाहीत.

कोण असतात ही माणसं? माझ्या डब्यात एक आमिश कुटुंब होतं. बायकांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या, पुरुषांच्या गॅलसेस, आणि पेनसिल्व्हेनिया जर्मन बोलणारी शांत मुलं. त्यांचा पंथ मोटार बाळगू देत नाही, विमान ते टाळतात, पण रेल्वे चालते. एका बाईंना फुप्फुसाच्या आजारामुळे डॉक्टरांनी विमान वर्ज्य केलं होतं. एक तरुण मुलगा सगळा संसार दोन पिशव्यांत भरून नोकरीसाठी पश्चिमेला निघाला होता. उडायची भीती वाटते असं मोकळेपणाने सांगणारे दोघंतिघं. आणि माझ्यासारखे, मुद्दाम आलेले. बसण्याच्या डब्यात कंडक्टर प्रत्येकाच्या डोक्यावरच्या पट्टीत कागदाचा एक तुकडा खोचून जातो, त्यावर उतरायच्या स्टेशनाची खूण लिहिलेली असते. रात्री तो ते तुकडे टॉर्चने वाचत फिरतो आणि ज्याचं स्टेशन जवळ आलं त्याच्या खांद्याला हात लावून उठवतो. दिवे लावत नाही, नाव पुकारत नाही.

जेवणाच्या डब्यात एका टेबलावर चौघांना बसवतात, ओळख असो वा नसो. पहिल्या संध्याकाळी माझ्यासमोर एक गृहस्थ आले. सत्तरी ओलांडलेले, हात रुंद आणि बोटांच्या पेरांवर जुने व्रण. नेब्रास्कात शेतांना पाणी देणारी यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मध्यभागी एक खांब आणि त्याभोवती चाकांवर घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा लांबच लांब नळ. फ्रँक झायबाख नावाच्या शेतकऱ्याला १९५२ साली त्याचं पेटंट मिळालं. विमानातून खाली हिरवी वर्तुळं दिसतात ती त्याच यंत्राची. "तुम्ही वरून पाहिली असतील," ते म्हणाले, "मी त्यांच्या मध्यावर उभा असायचो." मग त्यांनी चमच्याने टेबलावर वर्तुळ काढून दाखवलं. चौकोनी शेतात गोल पाणी फिरतं तेव्हा चार कोपरे कोरडे राहतात. त्या कोपऱ्यांचं काय करायचं यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत काय काय होतं हे ते सांगत राहिले. आपल्या कामाबद्दल इतक्या आवडीने बोलणारा माणूस भेटला की जेवण कसं होतं याची आठवण राहत नाही.

ते मॅककुकला उतरणार होते. वेळापत्रकात मॅककुकची वेळ पहाटे पावणेचारच्या सुमाराची आहे. त्याआधीचं होल्ड्रिज अडीचच्या पुढे, त्याआधीचं हेस्टिंग्स पावणेदोनच्या आसपास. प्रत्येक दिशेला दिवसाला एकच गाडी, आणि ती ही. मी विचारलं, उलट्या दिशेने तरी उजेडात येते का? नाही, ती मध्यरात्रीच्या सुमारास. ते म्हणाले, "कित्येक वर्षं या गाडीने जातोय. पण माझं गाव मी गाडीच्या खिडकीतून कधी पाहिलेलं नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि लागावी असंही वाटत नव्हतं. सपाट प्रदेशात फाटकं खूप, आणि प्रत्येक फाटकाआधी इंजिन ठरलेल्या रीतीने भोंगा वाजवतं. दोन लांब, एक आखूड, मग पुन्हा एक लांब, आणि शेवटचा सूर इंजिन रस्ता ओलांडेपर्यंत धरून ठेवायचा. थोड्या वेळाने कान त्याची वाट पाहू लागतो. बाहेर अंधार, मध्येच शेतावरचा एखादा उंच दिवा, त्याखाली पत्र्याची गोल कोठारं. मॅककुकला कंडक्टर आला आणि ते गृहस्थ आधीच उठून बसलेले होते. मीही खाली उतरून दारापाशी उभी राहिले. प्लॅटफॉर्मवर चार-पाच माणसं चढायला आली होती. एका आजीबाईंच्या काखेत उशी होती, त्यांना सोडायला आलेला मुलगा पायजम्यावर कोट चढवून आला होता. सगळं तीन-चार मिनिटांत आटोपलं.

अमेरिकेच्या संसदेत अधूनमधून प्रश्न निघतो की तोट्यातल्या या लांब पल्ल्याच्या गाड्या हव्यात कशाला. आकडे या गाड्यांच्या बाजूने नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण पहाटे पावणेचारला उशी घेऊन उभी असलेली बाई गंमत म्हणून प्रवासाला निघालेली नसते. ती तेव्हा निघते, कारण तेव्हाच गाडी आहे.

डेन्व्हरला सकाळ होते आणि गाडीचं रूपच पालटतं. पर्यटक चढतात, दुमजली डब्यांच्या वरच्या मजल्यावरचा काचेचा डबा भरून जातो. तिथल्या खिडक्या छताकडे वळत गेलेल्या असतात, खुर्च्या बाहेरच्या बाजूला तोंड करून. गाव मागे पडलं की चढ लागतो. सुरुवातीलाच एक मोठं वळण आहे, आणि त्या वळणावर आतल्या अंगाला मालगाडीचे जुने डबे कायमचे उभे करून ठेवलेले दिसतात. त्यांत वाळू भरलेली आहे. डोंगरावरून इथे एवढा वारा उतरतो की गाड्या पडू नयेत म्हणून डब्यांचीच भिंत घातली. मग एकामागून एक छोटे बोगदे, आणि शेवटी मॉफॅट.

हा बोगदा जवळपास १० किलोमीटरचा. १९२८ साली खुला झाला. डेन्व्हरचे बँकवाले डेव्हिड मॉफॅट यांनी डोंगरातून थेट पश्चिमेला रेल्वे नेण्याच्या ध्यासात आपली संपत्ती ओतली आणि १९११ साली, बोगद्याचं काम सुरूही झालेलं नसताना ते वारले. बोगद्यात शिरण्याआधी सूचना होते की डब्याडब्यांमधली दारं उघडू नका, इंजिनाचा धूर आत येतो. मग दहाएक मिनिटं काळोख. खिडक्यांचे आरसे होतात आणि बाहेर पाहणारी सगळी माणसं एकमेकांकडे पाहू लागतात. वर अमेरिकेचा जलविभाजक असतो. एका बाजूचं पाणी अटलांटिककडे, दुसऱ्या बाजूचं पॅसिफिककडे. खोदकामासाठी आधी काढलेल्या शेजारच्या लहान बोगद्यातून १९३६पासून पश्चिमेचं पाणी पूर्वेला डेन्व्हरकडे नेलं जातं. म्हणजे आपण पश्चिमेला निघालेलो असतो आणि भिंतीपलीकडे पाणी उलट दिशेने चाललेलं असतं. हे कळल्यावर त्या काळोखात बसणं मला निराळं वाटलं.

पलीकडे कोलोराडो नदी भेटते आणि पुढे सुमारे ३८० किलोमीटर सोबत करते. वर्णन करण्याजोगं खूप आहे, पण डोंगरांची छायाचित्रं सगळीकडे मिळतात. मी एवढंच सांगेन की गोर कॅन्यनमध्ये मोटाररस्ता नाही. कड्याच्या पोटात एक रुळांची रेघ आणि खाली पाणी. मोटारीतून देश पाहणाऱ्यांना हे असं दिसत नाही. डब्यातली बडबड तिथे आपोआप थांबली. ज्यांच्या हातात फोन होते त्यांनीही थोड्या वेळाने ते खाली ठेवले. पुढच्या ग्लेनवुड कॅन्यनमध्ये मात्र समोरच्या काठाला महामार्ग आहे आणि त्यावरून मोटारी आपल्याला मागे टाकत राहतात.

उटाहमध्ये हेल्पर नावाचं गाव लागतं. पुढच्या घाटात गाड्या ओढायला जादा इंजिनं जोडावी लागत, ती इथे ठेवलेली असत. गावाला नाव तेच पडलं. आसपास कोळशाच्या खाणी होत्या. सॉल्ट लेक सिटी येईपर्यंत रात्र झालेली असते, आणि नेवाडाचं वाळवंट झोपेतच ओलांडलं जातं. सकाळी रिनो. इथे रूळ शहराच्या मधोमध होते, मोटारींना फाटकावर थांबावं लागे. दोन हजारच्या दशकात शहराने रूळ खोल चरात उतरवून टाकले. आता रिनोला आलं की खिडकीतून काँक्रीटच्या भिंती दिसतात. परसदारसुद्धा झाकून टाकलं.

त्यानंतर सिएरा नेवाडा. या टप्प्यासाठी मी जागी राहायचं, काही खायचं-बोलायचं नाही, असं ठरवूनच बसले होते. ट्रकी सोडल्यावर गाडी वळणं घेत चढते आणि खाली डॉनर तळं दिसायला लागतं. १८४६च्या हिवाळ्यात बैलगाड्यांतून आलेला एक तांडा इथे बर्फात अडकला. सत्त्याऐंशीपैकी निम्म्याच्या आसपास माणसं वाचली. त्यानंतर पुरती वीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा याच डोंगरात सेंट्रल पॅसिफिक कंपनीने रूळ टाकायला घेतले. हे काम ज्यांनी केलं त्यांतले बहुतेक मजूर चिनी होते, वेगवेगळ्या वेळी मिळून हजारोंनी. माथ्यावरचा बोगदा ग्रॅनाइटचा, सुमारे ५०० मीटर लांब. हाताने छिन्नी-हातोडा मारून, दारू ठासून फोडायचा. कठीण जागी दिवसाला काही इंचच पुढे सरकायचं. दोन्ही टोकांकडून, शिवाय मधोमध वरून विहीर खणून तिथून दोन्ही बाजूंना, अशा चार तोंडांनी तो खोदला. हिवाळ्यात बर्फ इतका पडे की माणसं बर्फाखालच्या भुयारांतून कामावर जात. हिमकडे कोसळून माणसं गाडली गेली, काहींची प्रेतं बर्फ वितळल्यावर सापडली.

जून १८६७मध्ये या मजुरांनी संप केला. गोऱ्यांइतकी मजुरी द्या, कामाचे तास कमी करा, एवढंच मागणं होतं. कंपनीने त्यांच्याकडे जाणारा अन्नपुरवठा तोडला. आठवडाभरात संप मोडला. दोन वर्षांनी, १० मे १८६९ला, उटाहमधल्या प्रोमंटरी समिटला पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जुळले, सोन्याचा खिळा ठोकला, प्रसिद्ध छायाचित्र काढलं. त्या गर्दीत चिनी चेहरा शोधावा लागतो. अमेरिकेच्या कामगार खात्याने त्यांना आपल्या सन्मानयादीत घेतलं ते २०१४ साली. आणि इतक्या हजारो माणसांपैकी कुणाच्याही हातचं, त्या कामाच्या दिवसांतलं एक पत्र, एक रोजनिशी अभ्यासकांना सापडलेली नाही. काही लिहिलंच नसेल असं मला वाटत नाही. घरी पैसे पाठवणारा माणूस सोबत दोन ओळी पाठवतोच.

आजची गाडी त्या जुन्या बोगद्यातून जात नाही. १९२५मध्ये जवळच दुसरा, लांब बोगदा झाला आणि १९९३ला माथ्यावरचा मार्ग काढूनच टाकला. पण त्या बाजूच्या उतारावर दगड रचून बांधलेली भिंत अजून उभी आहे, चिनी कारागिरांनी चुन्याशिवाय रचलेली. मी काचेला नाक लावून पाहत होते. काचेच्या डब्यातले बहुतेक जण तळ्याकडे पाहत होते. माझ्या शेजारची शाळकरी मुलगी मला म्हणाली, तुम्ही चुकीच्या बाजूला पाहताय, तळं तिकडे आहे. मी तिला भिंतीबद्दल सांगितलं. ती उठून आली आणि आम्ही दोघी, बोगदा येईपर्यंत, कड्याकडे पाहत बसलो.

खाली उतरल्यावर कोल्फॅक्स, सॅक्रामेंटो, डेव्हिस, मग खाडीचं पाणी. एमरिव्हिलला गाडी संपते. सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्यांना पुलावरून बसने नेतात. मुलगी घ्यायला आली होती, तिने अर्थातच विचारलं, सगळ्यांत सुंदर काय होतं?

डोंगर सुंदर होते. पण गाडीत बसून वेळापत्रक पुन्हा पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं की डोंगर सुंदर दिसतात, कारण दिवसाचा उजेड त्यांच्यासाठी राखून ठेवलाय. दोन्ही दिशांच्या गाड्या रॉकी आणि सिएरा दिवसा ओलांडतात, म्हणजे पर्यटक येतात, तिकिटं खपतात. त्याची किंमत नेब्रास्का आणि नेवाडा भरतात, जाताना आणि येताना. दोष कुणाला द्यावा असं नाही. एकच गाडी असली की कुठेतरी रात्र होणारच. पण या गाडीवर जी माणसं खरोखर अवलंबून आहेत त्यांच्या वाट्याला नेमका काळोख आलाय, हे मला खटकत राहिलं.

मी मुलीला सांगितलं की पुढच्या खेपेला मला मॅककुकला उतरायचंय. ती म्हणाली, तिथे काय आहे? आहे की. तिथे वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने आखलेलं एक घर आहे. सिनेटर जॉर्ज नॉरिस यांचं घर आहे, ते आता संग्रहालय झालंय. खेड्यापाड्यांत वीज नेण्यासाठी ज्यांनी जन्मभर भांडण मांडलं ते नॉरिस याच गावचे. शिवाय दिवसा फिरणारी ती पाण्याची यंत्रं पाहायचीत, कोरड्या कोपऱ्यांसकट. फक्त पहाटे पावणेचारला दार उघडून खोली देणारं हॉटेल मिळतं का, ते आधी फोन करून विचारायला हवं.